सुंद्रीच्या शिंगाची मूठ

पुरुष भेटला की चाचा त्याचा हात हातात घेत आणि सोडायचं विसरत. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा चालू आणि अंगठा समोरच्याच्या तळव्यावरून फिरतोय. मग निकाल लागे. "तुमची करंगळी लई आळशी हाय, साहेब. तिचं काम शेजारची करून राहिली." हे त्यांनी एका बँकेच्या साहेबांना भर रस्त्यात सुनावलं होतं. बायकांचा हात ते धरत नसत. बायकांपुढे ते गोदावरीच्या काळ्या मातीचा ओला गोळा धरत, मान दुसरीकडे वळवत आणि म्हणत, "मूठ द्या, बाई." मी त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा नळाला पाणी कधी येतं हे विचारायच्या आतच तो गोळा माझ्या हातात आला. मी तो दाबला आणि परत दिला. त्यांनी उजेडाकडे धरून नीट बघितला. "लई राग हाय तुमच्यात," म्हणाले, "पण ऱ्हा." खोली मिळाली.

चाचा शिंगाचे कारागीर होते. म्हशीच्या शिंगापासून ज्याच्या-त्याच्या हाताच्या मापानं चाकूच्या आणि काठीच्या मुठी करायच्या, उरलेल्यातून फण्या आणि बटणं. जुन्या नांदेडात नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली काम, मागे संसार, वर मी. मी रेणापूरची, लिंगायत घरातली, आयुष्यात अंडं न फोडलेली, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलेली. शिंग तापवलं की केस जळल्यासारखा वास सुटतो. पहिल्याच दिवशी तो जिन्यानं वर आला, तेव्हा मी उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. खालून चाची ओरडल्या, "बाई, उदबत्ती नक्को लगाव, इनको छींका आते!" आयुष्यभर शिंग जाळणारा माणूस माझ्या मोगऱ्यानं शिंकत होता. आम्ही तह केला. ते दुपारी मी कॉलेजात असताना तापवत आणि मी उदबत्ती एकच लावे.

आई मला भेटायला पहिल्यांदा नांदेडला आली तेव्हा मला धाकधूक होती. तिनं उंबऱ्यात पाऊल ठेवलं, नाक वर केलं, आणि कोपऱ्यातल्या शिंगाकडे बघून म्हणाली, "कोनाची म्हैस?"

चाचांनी हातातली कानस खाली ठेवली. तो त्यांचा प्रश्न होता. शिंग दारात आलं की ते आधी हेच विचारत, कुणाची, आणि मग, नाव काय. नाव कळल्याशिवाय करवत लागत नसे. नाव न सांगता आलेलं शिंग, म्हणजे बाजारातून गोणीनं आलेलं, त्याची बटणं होत. मूठ फक्त नावाच्या शिंगाची. काम करताना ते त्या नावानं बोलतही. "अगं, नीट बस की, मोरे," असं मी वरून ऐकलं, की समजायचं, आज कुण्या मोरीची मूठ शिकंज्यात आहे.

"धर्माबादकडची," त्यांनी आईला सांगितलं. "आठ वेतं झाल्याली."

आईनं शिंगाच्या बुडाशी बोट फिरवलं. दर वेताला, म्हणजे म्हैस व्याली की, शिंगावर एक कडं उमटतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या दोघांना ते कायमच माहीत होतं. "नऊ हायत, भाऊ," आई म्हणाली. चाचांनी चष्मा लावून मोजलं आणि नऊ निघाली. त्या दिवसापासून आई त्यांची अक्का झाली. आणि मी, त्यांच्या घरात राहणारी, शिकलेली, 'बुकवाली बाई'च राहिले.

शिंग आणायला ते स्वतः जात. म्हैस गेल्याचा निरोप आला की गोणी घेऊन एसटीत बसत. 'मेली' हा शब्द मात्र त्यांना चालत नसे. "जनावर शिंग ठेवून जातं," असं म्हणत. जवळ गावच्या सरपंचाची चिठ्ठी असे, की अमक्याची म्हैस अमक्या दिवशी गोठ्यात वारली. दिवस असे आहेत, की गोणी दिसली की लोक आधी आवाज चढवतात आणि मग विचारतात. चाचांनी ती चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवलेली असायची. एकदा कंडक्टरनं पायानं गोणी ढकलून विचारलं, "काय हाय यात?" चाचा म्हणाले, "दोन म्हशी." कंडक्टर म्हणाला, "मग तिकीट काढा त्यांचं." चाचा म्हणाले, "हाफ द्या. बाकीची म्हैस गावातच ऱ्हायली." अख्खी गाडी हसली. हे मला त्यांनी सांगितलं, चाचींनी सांगितलं, आणि पुढे त्याच गाडीत बसलेल्या आमच्या कॉलेजच्या एका प्राध्यापकांनीही सांगितलं, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

निरोप मात्र कमी होत चालले होते. लोकांनी आपल्या भागातली लांब, पाठीवर झुकणाऱ्या शिंगांची म्हैस सोडून मुऱ्हा जातीच्या घेतल्या. मुऱ्हाचं वळलेलं शिंग कुणी आणून दिलं की चाचा ते हातात फिरवून चाचींना हाक मारत, "अगं, कोनीतरी जिलबी आणली गं!" शिवाय हल्ली रेडकांची शिंगं उगवायच्या आधीच जाळतात. त्यावर ते नुसती मान हलवत.

त्यांच्या कामाच्या जागी एक लांब फळी होती. तिच्यावर वाळलेल्या मातीच्या मुठी ओळीनं मांडलेल्या असत. आजवर ज्यांनी-ज्यांनी गोळा दाबला, त्या सगळ्यांच्या. एकीवरही नाव नाही. मी विचारलं, कुणाची कुठली ते कसं कळतं? त्यांनी डोळे मिटले, एक उचलली आणि बोटं त्या खाचांतून फिरवून म्हणाले, "ही वजिराबादचे टेलर. ही तुमची. बघा, अंगठा कसा रुतलाय. रागीट." मला राग आला. म्हणजे त्यांचं बरोबरच होतं.

आईला लकवा झाला तो माघ महिना होता. उजवी बाजू गेली. लातूरला दवाखाना झाला, मग मी तिला माझ्याकडे नांदेडला आणलं. वाचा लवकर आली, पायही जरा उचलू लागला, पण हात नुसता मांडीवर पडून असे. दवाखान्यानं दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. आई म्हणाली, "लेकरावानी चेंडू खेळू का आता?" आणि तो पलंगाखाली गेला. तिचं दुःख वेगळंच होतं. चाळीस वर्षं तिनं घराला रांधून घातलं होतं आणि आता मी भाजी चिरत असले की ती तोंड भिंतीकडे करायची. विळीवर बसणं तर गेलंच होतं. एकदा ताट पुढे केलं तर म्हणाली, "मला कोनी कापून दिल्यालं खायाचं न्हाई. माज्या हातानं एक भेंडी कापू दे, मग कायबी होवू दे." त्या दिवशी ती खरंच जेवली नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली, तिसऱ्या दिवशी पाव. मी घाबरले.

त्यातच चैत्रात गावाहून भावाचा फोन आला, की सुंद्री गेली. सुंद्री म्हणजे आमची म्हैस. आईशिवाय कुणाला धारेला उभी राहत नसे आणि आई नव्हती. आईनं पडलेला उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "शिंगं भाऊंना दे म्हनावं."

चाचा स्वतः रेणापूरला गेले. संध्याकाळी परत आले ते जिन्याच्या खालच्या पायरीशी उभे राहून वर बघत म्हणाले, "अक्का, तुमची सुंद्री आणली. चाकू शिका. मूठ मी करतो."

मला वाटलं, आठवड्याचं काम. शिंगं पाण्यात बुडवून ठेवली, आतलं हाड सुटलं, आणि मग चाचांनी ती दोन्ही शिंगं सावलीत आढ्याला टांगली आणि विसरून गेल्यासारखे बटणं करत बसले. मी विचारलं, कधी? म्हणाले, "एक पावसाळा, एक हिवाळा. कच्चं शिंग ताव झेलत न्हाई." मी म्हटलं, "चाचा, आईकडे तेवढा वेळ आहे की नाही, कुणाला माहीत." ते म्हणाले, "शिंगाला घाई कळत न्हाई, बाई." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. गिऱ्हाइकांना ऐकवत तेव्हा मला गंमत वाटायची. त्या दिवशी डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "तुमची आई असती, तर हेच म्हणाला असता?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. उठले आणि एक शिंग खाली काढलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. सकाळीच तो वास जिन्यानं वर आला आणि मी खिडकी लावली नाही. चाचा खाली म्हणत होते, "सुंद्रे, सांभाळून घे. सुंद्रे, जरा सांभाळ." मग टच्च असा आवाज झाला. थोड्या वेळानं पायऱ्या वाजल्या. मी तिथं राहायला आल्यापासून चाचा कधीही जिना चढून वर आले नव्हते. त्यांनी ते उभं चिरलेलं शिंग माझ्या उंबऱ्यावर ठेवलं. म्हणाले, "बाई, ही तुमची घाई." रागानं नाही. एखादी चुकून राहिलेली वस्तू परत द्यावी तसं.

मी खाली बसून त्या चिरेवरून बोट फिरवलं. आतून आईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. दुसरं हाय की."

मग दर महिन्याला एक गोळा. पण तो वर येत नसे. अक्कांनी खाली यायचं, अशी अट. आई भिंतीला धरून एकेक पायरी उतरायची, मी मागे जीव मुठीत धरून. खाली चाचा मान वळवून गोळा पुढे करत, "मूठ द्या, अक्का." पहिल्या वेळी गोळ्यावर नुसता तळवा उमटला, बोटं नाहीतच. चाचांनी तो तितक्याच निगुतीनं फळीवर मांडला. दुसऱ्या महिन्यात अंगठ्याची पुसट खूण उमटली आणि श्रावणात करंगळी आली. करंगळी आली त्या दिवशी चाचींनी शिरा केला. मधल्या दिवसांत आई चाचींकडून माती मागून घेऊन वर दाबत बसायची. "भाऊंना दाखवायाचं हाय," म्हणायची. रबरी चेंडू पलंगाखालीच होता. दिवाळीनंतर तीन बोटं आणि अंगठा घट्ट बसू लागले. तर्जनी मात्र वाकली नाही. ती सरळ, ताठ, पुढे बघत राहिली. अशा दहा मुठी फळीवर ओळीनं उभ्या राहिल्या, पहिली सपाट आणि दहावी जवळजवळ मूठ.

शिवरात्र झाली आणि दुसऱ्या दिवशी चाचांनी चाकू दिला. पातं लोहाराचं, साधंच. मूठ काळी, राखेनं आणि करडईच्या तेलानं घासून अशी केलेली, की खिडकीची चौकट तिच्यात दिसत होती. तीन बोटांना तीन खळगे आणि वरून एक सरळ पन्हळ, न वाकणाऱ्या बोटाला टेकायला. आईनं धरला. धरला म्हणजे तो हातात गेला आणि राहिला. तिनं आमच्याकडे पाठ केली आणि भेंडी चिरायला घेतली. एक तुकडा बोटाएवढा, एक नखाएवढा. भाजी निम्मी करपली, निम्मी कच्ची. मी एवढी भाजी पुन्हा कधी खाल्ली नाही. आईनं वाटीभर खाली पाठवली. चाचांनी खाल्ली आणि निरोप धाडला, "शिंग चांगलं हाय. मीठ न्हाई."

आई चाकू घेऊन रेणापूरला परत गेली. सहा वर्षं तिनं त्या चाकूनं घराला भाजी चिरून घातली. सुनेला चिरू द्यायची नाही, त्यावरून भांडणंसुद्धा झाली. मग एका सकाळी आई चहा घेता घेता गेली. माझ्या वाट्याला तो चाकू आला.

तोवर माझी बदली लातूरला झाली होती. चाकू माझ्या हाताला बसेना. पन्हळ तर्जनीला टोचे, खळगे चुकत. महिनाभरानं मी तो घेऊन नांदेडला गेले. चाचा आता वाकले होते, काम थोडंच करत. त्यांनी चाकू उजेडाकडे धरला आणि विचारलं, "कोनाची मूठ?"

"आईची. घासून द्या, माझ्या हाताजोगती करा."

"अक्काची हाय तर तुमची कशी व्हईल?"

"म्हणून तर आणलीय."

त्यांनी चाकू माझ्यापुढे ठेवला. "शिंग कापायला करवत हाय माझ्याकडं. अक्काचा हात कापायला न्हाई."

मी म्हटलं, "चाचा, वस्तू माझी आहे." ते म्हणाले, "हौ, वस्तू तुमची. धरून तर बघा सालभर. कोनतरी एक नमतंच." मग उठले, फळीवरच्या त्या दहा मुठींकडे हात केला आणि म्हणाले, "या घेऊन जा, बाई. अक्काच्या हायत." त्यांना माझं मन राखायचं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी आईविना पोरकी झालेली आणि वर नकार ऐकलेली बाई होते. मी म्हटलं, "मातीचं काय करू मी?" आणि चाकू पिशवीत टाकून निघाले. चहासुद्धा घेतला नाही. चाचींनी मागून हाक मारली ती मी ऐकली होती.

त्यानंतर चार वर्षं मी नांदेडला गेले नाही. चाकू वापरत होते, चडफडत, रोज. दुसरा घेतला नाही. एकदा डब्याच्या वेळी काकडी चिरताना आमच्या ग्रंथालयातली मुलगी म्हणाली, "मॅडम, बोटाला काही लागलंय का?" मी म्हटलं, "काही नाही, सवय आहे."

चाचा गेल्याचं मला आठवड्यातच कळलं. जायला हवं होतं, लगेच. पण ग्रंथालयात पुस्तकमोजणी चालू होती, मग परीक्षा आल्या, आणि खरं सांगायचं तर ते सगळे बहाणे होते. त्या फळीसमोर उभं राहून 'या आता द्या' म्हणायची लाज वाटत होती. गेले तेव्हा त्यांचा चाळिसावा होऊन तीन दिवस झाले होते.

शिकंजा जागेवर होता, कानशी जागेवर होत्या. फळी रिकामी होती. तिच्यावर मुठींच्या बुडांचे गोल डाग तेवढे राहिले होते. आईच्या मुठी होत्या त्या जागी दहा डाग एकाशेजारी एक होते.

चाची मागच्या दाराच्या पडद्याआडून बोलल्या. "बाई, वो बोल के गये. जिसकी मुट्ठी है वो आया तो देना, नै आया तो गोदावरी की मिट्टी गोदावरी को देना. चालीस दिन मैं रस्ता देखी तुमारा." मग म्हणाल्या, "मेरे को थोडी पहचानू आते थे, कौनसी किसकी? उनकोच आते थे. परसो पोरगा छोड के आया."

मी रडले. चाचींच्या समोर, पडद्याला धरून, मोठ्यानं. आई गेली तेव्हा मी इतकी रडले नव्हते. आईच्या हाताची दहा रूपं होती जगात, ती मला हातावर ठेवून देत होते, आणि मी माती म्हणाले. शिंगाचं एक वाया घालवलं होतं माझ्या घाईनं, आणि मातीचं सगळं घालवलं माझ्या उशिरानं.

गल्ली उतरून नदीवर गेले. पाणी कमी होतं. काठाला काळा चिखल, सगळीकडे सारखाच. कुठली आईची आणि कुठली वजिराबादच्या टेलरची, तिथं कोण सांगणार? पायऱ्यांवर बसून मी एक गोळा उचलला. कुणी पुढे धरला नव्हता, कुणी मान वळवली नव्हती. मी तो दाबला.

हात उघडून बघितलं. तीन बोटं आणि अंगठा खोल रुतले होते. तर्जनी रुतलीच नव्हती. गोळ्याच्या वरून ती सरळ, ताठ गेली होती आणि तिच्याखाली एक पन्हळ उमटली होती. मी बोट वाकवून बघितलं. छान वाकत होतं, त्याला काहीच झालं नव्हतं. पण मूठ वळली की ते सरळच राहत होतं. दहावी मूठ मी ओळखली असती की नाही, याची मला शंका होती. ती माझ्या हातात होती.

चाचा म्हणाले होते, कोनतरी एक नमतंच. मी नमले होते आणि मला पत्ताही नव्हता. त्यांना त्या क्षणी हे सांगावंसं इतकं वाटलं, की मी गल्लीकडे वळून बघितलं.

गोळा रुमालात बांधून लातूरच्या गाडीत बसले. रुमाल ओला झाला, मांडीवर पाणी उतरलं. लोहा गावाच्या पुढे कंडक्टर आला. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय हाय त्यात, बाई? सांडून राहिलंय."

"मूठ आहे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि पुढच्या सीटकडे गेला. कुणाची, ते त्यानं विचारलं नाही. ते फक्त चाचा विचारत.